वस्तीत सायकलचा रस्ता करायचा तर: आधी वही, मग कागद, मग पैसे

माझे वडील गिरणीत होते. पहाटेचा भोंगा व्हायच्या आधी ते सायकल बाहेर काढायचे. मागे कॅरिअरला डबा, पुढे हँडलला कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा आणि एखादी मोटार आलीच तर तिला कडेला थांबावं लागायचं. त्या सोलापुरात सायकलसाठी वेगळा रस्ता कुणी मागितला नाही, कारण सगळा रस्ताच सायकलींचा होता.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. कालव्यांचे काटछेद, म्हणजे आडवा काप दाखवणारी रेखाचित्रं, काढण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहायला आले. शेजारची सातवीतली मुलगी घरात सायकल असून शाळेला रिक्षाने जायची. तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, सायकल चांगली येते तिला. पण त्या कोपऱ्यावरून एकटीला पाठवायचं धाडस मला होत नाही."

त्या कोपऱ्यापासून आमचं काम सुरू झालं. चार वसाहतींनी मिळून शाळेपर्यंत सव्वा किलोमीटरचा सायकलमार्ग आखला. पहिला टप्पा झाला, दुसऱ्याचं अंदाजपत्रक तयार आहे. आता इतर भागांतले लोक येऊन विचारतात, पैसे कुठून आणले? माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. पैसे असतात. आपल्याकडे दाखवायला कागद नसतो, म्हणून ते ज्याचा कागद तयार आहे त्याच्या कामाला जातात. म्हणून मी क्रमाने सांगते.

वही घेऊन कोपऱ्यावर उभं राहा

दोनशे पानी वही, दोन पेनं आणि पाळीपाळीने उभी राहणारी सहा माणसं, एवढं पुरतं. पानावर रकाने आखा: पुरुष, बायका, शाळेची मुलं, ओझं घेऊन जाणारे, आणि कुठून कुठे. प्रत्येक सायकलीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. सकाळी साडेपाच ते नऊ, दुपारी शाळा सुटायची वेळ, संध्याकाळी पाच ते आठ. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार मोजा.

दिवस निवडताना सोलापूरचं वेळापत्रक ध्यानात घ्या. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि पाण्याच्या दिवशी निम्मी वस्ती घरात हंडे भरत असते. त्या दिवशीचा आकडा खोटा निघतो. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा सगळ्या शहराची वाहतूकच वेगळी होते. शाळेच्या परीक्षेचा आठवडाही टाळा.

आम्ही शाळेच्या मुलांसाठी म्हणून मोजायला बसलो होतो. वहीने वेगळंच दाखवलं. सकाळी सातच्या आत जे सायकलवर जात होते ते गवंडी, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन, यंत्रमागावर जाणारे कामगार, घरकामाला निघालेल्या बायका. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची नोंद आहे. देशभरातल्या अशा कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. ही माणसं सभेला येत नाहीत, अर्ज लिहीत नाहीत, सायकलप्रेमी मंडळात नसतात. त्यांना थांबवून विचारायचं एकच: "दादा, या वाटेवर भीती कुठं वाटते?" ते जागा दाखवतात ती नकाशावर लाल ठिपक्याने मांडा. आमचे बहुतेक ठिपके तीनच ठिकाणी पडले. रिक्षा वळतात तो कोपरा, नाल्यावरचा अरुंद स्लॅब, आणि दिवे नसलेला एक पट्टा.

मार्ग या ठिपक्यांवरून आखायचा असतो. जिथे रस्ता रुंद आणि मोकळा आहे तिथे मार्ग करणं सोपं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच होतं. पण तिथे सायकलवाल्याला त्याची गरज नसते. अडचणीच्या तीन जागा वगळल्या तर उरलेल्या किलोमीटरला काही अर्थ राहत नाही.

"सोलापूरच्या उन्हात कोण सायकल चालवणार?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातही उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे २००६ नंतर थोड्याच वर्षांत मोटारींपासून वेगळे, एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग केले आणि लोक सायकलवर आले. मी मात्र सभेत सेव्हिल नंतर सांगते. आधी वही उघडते आणि मे महिन्यात सकाळी सहाला कोण चाललंय ते वाचून दाखवते.

रस्ता कुणाचा, किती रुंद

विजापूर रोडपासून सुरुवात करू नका. तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, तिथली परवानगी महापालिकेच्या हातात नाही. आत या. विकास आराखड्यातले, महापालिकेच्या ताब्यातले रस्ते धरा. नगररचना विभागातून आराखड्याचा भाग नकाशा मिळतो.

मालकीचा आणि खोदाईचा प्रश्न माहितीच्या अधिकारातून आधीच सोडवून घ्या. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच, उत्तर ३० दिवसांत. आम्ही लिहिलं ते जवळजवळ असं होतं: "अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याची मंजूर विकास आराखड्यातील रुंदी, प्रत्यक्ष ताब्यातील रुंदी, रस्त्याची मालकी, तसेच पुढील दोन वर्षांत या रस्त्यावर प्रस्तावित असलेल्या जलवाहिनी, ड्रेनेज व केबलच्या कामांची यादी मिळावी." शेवटची ओळ विसरू नका. ती आम्ही पहिल्या अर्जात विसरलो होतो. पहिला टप्पा होऊन तीन महिने झाले नाहीत तोच एका पाइपसाठी त्यावर आडवा चर पडला. तो चर बुजवला, पण आजही तिथे चाक आदळतं.

मग टेप. तीस मीटरचा टेप घ्या आणि कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत मोजा, दर तीस मीटरला एकदा. ओटे, गाड्या चढवायचे उतार, विजेचे खांब, झाडं, नळाचे चेंबर सगळं वहीत घ्या. घरी येऊन प्रत्येक मापाचा काटछेद आलेखाच्या कागदावर काढा. याला इंजिनिअर लागत नाही. दहावीची भूमिती पुरते, आणि वस्तीतली पॉलिटेक्निकची मुलं हे काम हौसेने करतात.

एक उदाहरण देते. रस्ता १५ मीटर आहे. मधे ७ मीटर डांबरी रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना ४-४ मीटर उरतात. त्यात १.८ मीटर पदपथ, २ मीटर सायकल, आणि दोन्हींना डांबरी रस्त्यापासून वेगळं करणारा २० सेंटिमीटरचा कर्ब. बरोबर चार. रस्ता १८ मीटरचा असेल तर प्रत्येक बाजूला आणखी दीड मीटर मिळतो, तो झाडांना द्या. १२ मीटरच्या रस्त्यावर मात्र हे बसत नाही. तिथे ओढूनताणून सव्वा मीटरची पट्टी रंगवू नका. त्यावर दुचाकी उभ्या राहतात आणि सायकलवाला पुन्हा रस्त्यावर येतो. तिथे पट्टीऐवजी सगळ्या गाड्यांचा वेग कमी करायचा. कोपऱ्याची वळणं घट्ट करायची आणि रस्ता ओलांडायच्या जागा पदपथाच्या उंचीला उचलून घ्यायच्या.

इंडियन रोड्स काँग्रेसचं 'आयआरसी ११' हे सायकलमार्गांचं मानक आहे, २०१५ मध्ये ते सुधारलं गेलं. पदपथाचं मानक 'आयआरसी १०३' आहे. अर्जात ही दोन नावं लिहा. तुमची मागणी चार रहिवाशांची लहर न राहता नियमातली होते, आणि ज्या अभियंत्याला सही करायची आहे त्याला आधार मिळतो. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहरभराचा सायकल आराखडा मंजूर केला, तोही मिळवून वाचावा. काटछेद कसे मांडायचे ते त्यातून चांगलं कळतं.

पदपथ खाऊन सायकलमार्ग करायचा नाही, ही आमची अट पहिल्या दिवसापासून होती. आमच्या गल्लीत काठी घेऊन चालणारे अण्णा आहेत. त्यांची वाट काढून मुलांना देणं मला मान्य नाही.

जमीन, पाणी, सावली

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मे मार्ग इथेच बिघडतात.

सोलापूरची जमीन दर फर्लांगाला बदलते. एकीकडे मुरूम, शंभर पावलांवर काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर खडी टाकून काँक्रीट केलं तर पहिल्याच मे महिन्यात तडा जातो. आमच्या पहिल्या टप्प्यात वीसेक मीटरच्या तुकड्यात खोदाई कमी झाली, आणि नेमका तेवढाच तुकडा फुटला. म्हणून अंदाजपत्रकात काळ्या मातीच्या पट्ट्याची खोदाई स्वतंत्र लिहून घ्या. निदान ३० ते ४५ सेंटिमीटर माती काढायची, १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. प्रत्येक थराचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उभी धरून.

वर काय घालायचं? पेव्हर ब्लॉक दिसायला छान, काढून बसवायला सोपे. पण काळ्या मातीत ते वर-खाली होतात आणि सायकलच्या बारीक टायरला प्रत्येक सांधा लागतो. पदपथाला ब्लॉक ठीक आहेत. सायकलला दहा सेंटिमीटर जाडीचं सलग काँक्रीट बरं, अडीच-तीन मीटरवर कटरने कापलेले बारीक सांधे ठेवून. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नको, पावसात घसरतो. कुंच्याने आडव्या रेघा ओढून घ्या.

काँक्रीटला पाणी पाजणं म्हणजे क्युरिंग, आणि पाणीटंचाईच्या शहरात सगळ्यात आधी तेच सुटतं. किमान सात दिवस गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. आमच्याकडे वसाहतींनी पाळ्या लावल्या आणि टँकरचा खर्च वर्गणीतून केला. लोकवर्गणीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मार्गाला दोन टक्के आडवा उतार द्या. दोन मीटर रुंदीला तो चार सेंटिमीटर होतो. पावसाळी गटाराच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या असल्या पाहिजेत. उभ्या असतील तर पुढचं चाक आत अडकतं. हे नकाशावर बाण काढून लिहा, तोंडी सांगू नका. गटारावर झाकणं टाकून त्यावरूनच सायकलमार्ग न्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण दर सफाईला झाकणं निघतात आणि परत तशीच बसत नाहीत.

गाड्या आत शिरू नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी खांब किती अंतरावर उभे करायचे यावर आमच्याकडे दोन सभा झाल्या. सायकलचं हँडल साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असतं, रिक्षा १.३ मीटर. दोन खांबांत १.२ मीटर ठेवलं तर रिक्षा अडते आणि अपंगांची तीनचाकी जाते. मोटरसायकल या फटीतून जाणार. तिला अडवायला फट आणखी कमी केली तर तीनचाकी अडते. आम्ही तीनचाकीच्या बाजूने ठरवलं. मोटरसायकलला खांबांनी रोखता येत नाही, हे सभेत सरळ सांगून टाका. तिला लोकांनी हटकावं लागतं.

आणि सावली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्यामुळे कडेच्या भिंतीची सावली उन्हाळ्यात कामाची नाही, झाडाची फांदीच मार्गावर आली पाहिजे. कडुनिंब इथला आहे, कमी पाण्यात जगतो आणि एप्रिल-मेत हिरवा असतो. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, तो मार्गावर नको. १५ मीटरच्या रस्त्यावर झाडांना पट्टा उरत नाही, म्हणून आम्ही घराघरांत जाऊन कुंपणाच्या आत झाड लावायची विनंती केली. बऱ्याच घरांनी ऐकलं. एका पद्मशाली आजींनी तर लावलेलं रोप स्वतःच्या नातवाच्या नावावर करून टाकलं. उभं असलेलं झाड तोडू नका, मार्ग वळवा. तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तेवढं झाड पुन्हा व्हायला वीस वर्षं जातात.

रविवारी फक्की मारून बघा

कागद पुढे नेण्याआधी एका रविवारी सकाळी वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन रस्त्यावर फक्कीने मार्ग आखा, शंकू मांडा आणि मुलांना सायकली चालवू द्या. कोलंबियातल्या बोगोटा शहराने १९७४ मध्ये रविवारी मोठे रस्ते सायकलींना मोकळे करायला सुरुवात केली. तुमचा रस्ता लहान असला तरी हरकत नाही.

त्या रविवारी आम्हाला भाजीवाल्या अक्का दिसल्या. म्हणजे त्या रोजच तिथे बसायच्या, पण आमच्या नकाशात त्यांची पाटी कुठेच नव्हती. त्यांना उठवलं असतं तर आठ दिवसांनी त्या मार्गावर येऊन बसल्या असत्या, आणि त्यात त्यांची काही चूक नसती. कोपऱ्याच्या अलीकडे पदपथ थोडा रुंद करून दोन मीटर आतपर्यंतची जागा त्यांच्यासाठी ठेवली. आता मार्गावर कुणी गाडी लावली तर पहिल्या त्याच ओरडतात.

सभेतला सगळ्यात कठीण प्रश्न एका निवृत्त मास्तरांचा होता. "बाई, नळाला रोज पाणी नाही, आणि तुम्ही सायकलचा रस्ता मागता?" त्यांचं दुखणं खरं होतं. मी म्हटलं, "मास्तर, पाण्याचा निधी खर्चाच्या वेगळ्या शीर्षाखाली येतो. त्यातला एक रुपया आपण मागत नाही. आणि पाण्याच्या अर्जावर मीही तुमच्याबरोबर सही करते." केलीही. पुढे ते क्युरिंगच्या पाळीत होते.

अंदाजपत्रक

कच्चा हिशोब तुम्ही करा, पक्का अभियंता करील. १ किलोमीटर लांबी, २ मीटर रुंदी, म्हणजे २,००० चौरस मीटर. दहा सेंटिमीटर जाडीला काँक्रीट २०० घनमीटर. त्याखाली १५ सेंटिमीटरचा मुरूम किंवा खडीचा थर, ३०० घनमीटर. कर्ब १,००० मीटर. या मापांना चालू दरसूचीतले दर लावायचे. दरसूची सार्वजनिक बांधकाम विभागाची असते आणि ती पाहायला मिळते. बेरजेवर १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर, चाचण्यांचा खर्च आणि आकस्मिक खर्च. विजेचा खांब हलवायचा असेल तर महावितरणचं वेगळं अंदाजपत्रक लागतं. ते यायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज त्याचाच करा. दिवे, फलक, रंग आणि झाडांची तीन वर्षांची निगा त्यातच धरा. नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.

काम टप्प्यांत मागायचं, पण जपून. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि तो येणं योग्यच आहे. म्हणून संपूर्ण मार्गाचा एकच आराखडा करा. त्यात टप्पा एक, टप्पा दोन असे लिहा की प्रत्येक टप्पा कुठून कुठे ते स्पष्ट कळेल आणि तो एकटा झाला तरी वापरता येईल. आमचा पहिला टप्पा वसाहतीच्या फाटकापासून नाल्यापलीकडे जातो. पुढचं काहीच झालं नसतं तरी तीन लाल ठिपक्यांपैकी दोन त्यात मिटले असते.

पैसे

स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव जानेवारी २०१६ मध्ये आलं होतं. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. त्याच्या आशेवर बसू नका.

माझ्या मते सोलापूरकरांनी सगळ्यात आधी बघावी ती राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची यादी. २०१९ च्या जानेवारीत केंद्राने हा कार्यक्रम सुरू केला आणि हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांत सोलापूर आहे. आपल्याकडे मोठा प्रश्न धुळीचा. डांबर संपतं आणि कुंपण सुरू होतं त्या मधल्या उघड्या मातीतून गाड्या गेल्या की ती उडते. सायकलमार्ग, पदपथ आणि झाडं नेमकी तीच माती झाकतात. अर्ज त्या भाषेत लिहा: "किती चौरस मीटर उघडी कडा झाकली जाईल." हाच मार्ग बांधकाम विभागाकडे सुरक्षेचा म्हणून जातो आणि पर्यावरण विभागाकडे धुळीचा म्हणून. दोन्ही खरं आहे.

वित्त आयोगाचा निधी दुसरा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली, म्हणजे दहा लाखांच्या आत. अशा शहरांना १५ व्या वित्त आयोगाच्या काळात मिळणाऱ्या मूळ अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेले पैसे पगार व आस्थापना सोडून स्थानिक गरजेला वापरता येत होते. २०२६-२७ पासून १६ व्या आयोगाचा काळ लागतो. त्याच्या अटी लेखा विभागात बसून, वहीत लिहून घ्या.

आमदार आणि खासदार या दोघांनाही स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये असतात. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. खासदार निधीतले १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचे असतात. तुमचा मार्ग अशा वस्तीतून जात असेल तर ते पत्रात ठळक लिहा. जिल्हा नियोजन समितीकडे राज्याच्या नगरोत्थान योजनेचं जिल्हास्तराचं शीर्ष असतं. त्यासाठी महापालिकेचा प्रस्ताव लागतो, आपल्या अर्जाने ते काम होत नाही.

कंपन्यांचा सामाजिक निधी म्हणजे सीएसआर. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम द्यावी लागते. कायदा म्हणतो, आपल्या परिसराला प्राधान्य द्या. म्हणून फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाकडे तिथल्या भोवतालच्या गावांनी जरूर मागावं, आमचा नंबर मागचा. शिवाय पैसे संस्थेमार्फत आले तर तिची केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. वसाहतीच्या समितीने त्या खटाटोपात न पडता दिवे, सायकल स्टँड, झाडांच्या जाळ्या अशा वस्तू मागाव्यात. मुख्य बांधकाम सरकारी पैशातूनच व्हावं. रस्ता सगळ्यांचा आहे आणि त्याची जबाबदारी कुणाची ते कागदावर असलं पाहिजे.

आता खरी गोष्ट, जी नोकरीत मी दरवर्षी पाहिली. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक खात्यात काही पैसे खर्च न झालेले असतात. कुठलं तरी काम जागेच्या वादात अडकतं, कुठल्या निविदेला कुणी येत नाही. ते पैसे ३१ मार्चच्या आत वळवायचे असतात, आणि वळवायला तयार काम लागतं. ज्याच्या फाइलमध्ये जागेचा खुलासा आहे, नकाशा आहे, अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यतेची सही आहे, ते काम उचललं जातं. बाकीचे अर्ज पुढच्या वर्षी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोजणी, ऑक्टोबरपर्यंत काटछेद, नोव्हेंबरच्या आत पुढच्या अर्थसंकल्पासाठी अर्ज, आणि डिसेंबर संपायच्या आत तांत्रिक मान्यता. आमचा पहिला टप्पा अर्थसंकल्पात नव्हता. तो मार्चमध्ये वळवलेल्या पैशातून झाला, प्रशासकांच्या काळात. नगरसेवक नव्हते तेव्हा आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विभागीय कार्यालयात जायचो. चहा नको, वशिला नको, फक्त फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून तारीख लिहून घ्यायचो. तिथल्या एका कनिष्ठ अभियंत्याने सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्याबरोबर टेप धरला. त्याचं नाव लिहीत नाही, पण ते उपकार वस्ती विसरलेली नाही.

काम सुरू झाल्यावर

कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या. त्यात मुदत आणि दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. तो संपायची तारीख आम्ही मंदिराच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहिली आहे. फुटलेले वीस मीटर त्याच जोरावर पुन्हा करून घेतले. काँक्रीटच्या चाचणीचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरले जातात तेव्हा हजर राहा आणि २८ दिवसांनी त्यांचा अहवाल मागा. मोजमाप पुस्तिकेतली मापं आपल्या वहीतल्या मापांशी ताडून बघा. भांडायचं नाही, वही पुढे करायची.

मार्ग झाल्यावर त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळेला, तेच रकाने घेऊन पुन्हा मोजा. दुसऱ्या टप्प्याच्या अर्जाला ही दोन पानं शेजारी शेजारी लावायची. झाडलोटीची पाळी लावा, कारण सायकलला खड्ड्याइतकाच काचेचा तुकडा नडतो. आमच्याकडे बुधवार आणि शनिवार आहे.

शेजारची ती मुलगी आता आठवीत आहे. नाल्यापर्यंत सायकलवर जाते, पुढचा कोपरा उतरून, सायकल हातात धरून ओलांडते. त्या कोपऱ्याचा काटछेद काल रात्री पूर्ण केला. सोमवारी अर्जाला जोडायचा आहे.